रेघ दिसली नाही म्हणून पुन्हा काढली: नकाशा एडिटरमध्ये कोणते लेअर आधीपासून चालू असावेत?

नकाशावरच्या एका दाट वस्तीच्या तुकड्यावर प्रत्येक घराभोवती दोन-दोन रेघा दिसल्या, तिथून हे प्रकरण सुरू झालं. तपासणी करणाऱ्या सहकाऱ्याला आधी वाटलं, कुणीतरी एकच चेंजसेट (एकदम चढवलेल्या बदलांचा गठ्ठा) दोनदा चढवला असेल. तसं नव्हतं. खालच्या रेघा जुन्या आणि थोड्या ढोबळ होत्या, त्यांतल्या काहींवर घरक्रमांकाचे टॅग, म्हणजे माहितीच्या चिठ्ठ्या, होत्या. वरच्या रेघा दोनच दिवसांपूर्वीच्या होत्या आणि काम म्हणून बघितलं तर देखण्या होत्या. कोपरे काटकोनात होते, आणि रेघ छपराच्या कडेने नाही तर भिंतीच्या पायथ्याने नेलेली होती. काढणारी स्वयंसेविका नवी होती, पण तिचा हात चांगला बसला होता. तिला विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं की हवाई छायाचित्रात घरं दिसत होती, त्यांच्यावर रेघ नव्हती, म्हणून तिने ती काढली.

तिचं काही चुकलं नव्हतं. जुन्या रेघा आमच्या एडिटरने लपवल्या होत्या.

आमचा गट छोटा आहे. ओपनस्ट्रीटमॅप या, कुणालाही भर घालता येणाऱ्या जगाच्या मुक्त नकाशाच्या डेटावर ब्राउझरमध्ये चालणारा एक एडिटर आम्ही सांभाळतो आणि नव्या लोकांना त्यावर नकाशा काढायला शिकवतो. डीफॉल्ट लेअर म्हणजे एडिटर पहिल्यांदा उघडल्यावर कोणत्या गोष्टी दिसाव्यात आणि कोणत्या लपलेल्या असाव्यात, हा प्रश्न आम्ही तोवर रंगसंगतीसारखा, म्हणजे आवडीनिवडीचा मानत आलो होतो. त्या दुहेरी रेघांनंतर तसं मानणं शक्य राहिलं नाही.

पुढचं समजायला एक गोष्ट आधी सांगायला हवी. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाबेसमध्ये इमारतींचा लेअर, सीमांचा लेअर असलं काही नसतंच. सगळं एकाच भांड्यात असतं. नोड म्हणजे बिंदू, वे म्हणजे बिंदूंची माळ आणि रिलेशन म्हणजे अशा अनेक गोष्टींची मोट. एखादी रेघ रस्त्याची आहे की सीमेची, हे तिच्यावरच्या टॅगवरून कळतं. 'लेअर' नावाचा एक टॅग आहे खरा, पण पूल वर आणि रस्ता खाली असा उभा क्रम सांगणं एवढंच त्याचं काम. दिसण्या-लपण्याशी त्याचा संबंध नाही. (शिकवताना हा घोळ दर वेळी निस्तरावा लागतो.) एडिटरच्या पॅनलमध्ये जे लेअर दिसतात ते आम्ही टॅग चाळून पाडलेले गट असतात. जुन्या छापील नकाशांत पाण्याची निळी प्लेट वेगळी असे, समोच्च रेषांची तपकिरी वेगळी असे. एक प्लेट बाजूला ठेवली तर दुसरीला धक्का लागत नसे. इथे मात्र रस्ता, नदी आणि सीमा एकच नोड वाटून घेऊ शकतात. सीमा लपवली तरी तो नोड सीमेचाही असतोच, आणि रस्ता म्हणून तो सरकवला की न दिसणारी सीमाही सरकते.

आधीचे दोन निर्णय

आमच्या पहिल्या आवृत्तीत सगळंच चालू होतं. अनुभवी लोकांना ते आवडायचं. नवा माणूस मात्र उघडताक्षणी गांगरायचा. शेती, जंगल, निवासी भाग यांचे रंग इतके गच्च भरलेले असायचे की खालचं छायाचित्रच झाकलं जायचं, आणि छायाचित्र बघूनच तर काढायचं असतं. प्रशासकीय सीमा जाड रेघेत दिसायच्या. नकाशा सरकवायला म्हणून कुणी पडदा ओढायला जावं आणि हातात नेमकी सीमा यावी, असं वारंवार व्हायचं.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीत आम्ही साफसफाई केली. सीमा बंद, जमिनीचा वापर बंद, पाडलेल्या किंवा नियोजित गोष्टी बंद, इमारतींचे भाग आणि आतल्या खोल्या बंद. शिवाय पडद्यावर ठरावीक संख्येपेक्षा जास्त इमारती आल्या की त्यांचा लेअर आपोआप बंद. या शेवटच्या नियमामागे तांत्रिक कारण होतं. आमचा एडिटर एसव्हीजीत काढतो, म्हणजे प्रत्येक आकार हा पानातला स्वतंत्र घटक असतो. असे हजारो घटक एकदम आले की ब्राउझर अडखळतो. २०१३ पासून ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर असलेल्या आयडी एडिटरमध्येही गर्दी झाली की काही गोष्टी आपोआप लपवायची सोय आहे, त्यामुळे आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही.

साफ पडद्याचं कौतुक झालं. त्या काळात आम्ही एकमेकांना संगणकशास्त्रज्ञ बेन श्नाइडरमन यांचं १९९६ चं सूत्र ऐकवायचो: आधी एकूण चित्र, मग झूम आणि गाळणी, मग मागितल्यावर तपशील. सूत्र उत्तमच आहे, पण ते माहिती बघणाऱ्यासाठी आहे. बघणाऱ्याला एखादी गोष्ट दिसली नाही तर त्याची माहिती तेवढी कमी राहते. काढणाऱ्याला दिसली नाही तर तो ती नव्याने काढतो. हा फरक आमच्या डोक्यात शिरला नव्हता.

त्या दिवशी पडद्यावर काय होतं

आम्ही तिचं काम तिच्याच झूमवर पुन्हा उघडून पाहिलं. झूम १८. २५६ पिक्सेलच्या टाइलच्या (नकाशाच्या चौकोनी तुकड्याच्या) हिशेबाने विषुववृत्तावर या झूमला एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.६ मीटर. दहा मीटर रुंद घर सतरा-एक पिक्सेलचं दिसतं, म्हणजे रेघ मारायला पुरेसं. वस्ती विरळ असेल तर या झूमला सगळ्या इमारती दिसतात. दाट वस्तीत मात्र संख्या आमच्या मर्यादेपलीकडे जायची आणि लेअर गप्पकन बंद व्हायचा. ती झूम १९ ला गेली असती तर पडद्यात पाव जमीन उरली असती, संख्या मर्यादेत आली असती आणि जुन्या रेघा दिसल्या असत्या. पण तिला तिथे जायची गरजच पडली नाही.

खरी मेख पुढे आहे. त्याच दिवशी आधी तिने शेजारच्या विरळ भागात काम केलं होतं. तिथे जुन्या रेघा व्यवस्थित दिसत होत्या. त्यामुळे रेघ असेल तर काम झालेलं, रेघ नसेल तर काम बाकी, असा एक नियम तिच्या मनात आपोआप तयार झाला होता. तो आमच्या एडिटरनेच तिला शिकवला होता. वर आणखी एक सोय आम्ही मोठ्या हौसेने केली होती: चालू बैठकीत, म्हणजे एडिटर उघडल्यापासून बंद करेपर्यंत, स्वतः काढलेल्या गोष्टी कधीच लपत नाहीत. त्यामुळे दाट भागात तिची प्रत्येक नवी रेघ काढल्यावर जागच्या जागी राहत होती. लेअर बंद आहे अशी शंका यायला कुठे फटच नव्हती. पडद्याच्या तळाशी करड्या, बारीक अक्षरांत लपलेल्या घटकांचा आकडा येत होता. ती त्या वेळी छपराचे कोपरे बघत होती, आणि तिने तिथेच बघायला हवं होतं.

नंतर आम्ही काही नव्या लोकांच्या मागे गुपचूप बसून काम पाहिलं. लेअरचं पॅनल कुणीही आपणहून उघडलं नाही. इथे काही लपलेलं असू शकतं हेच ज्याला माहीत नाही, तो पॅनल उघडून काय शोधणार?

प्रश्न बदलला

गटात दोन तट पडले. जेओएसएमसारख्या डेस्कटॉप एडिटरवर वाढलेल्यांचं म्हणणं, सगळं दाखवा, ज्याला नको तो गाळणी लावेल. शिकवणाऱ्यांचं म्हणणं, पहिल्याच दिवशी माणूस घाबरून गेला तर तो परत येत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि म्हणूनच वाद पुढे सरकत नव्हता. तो सरकला एका साध्या प्रश्नाने. आम्ही लेअर एकेक करून समोर ठेवला आणि विचारलं: हा लपवला तर समोरचा माणूस नेमकी कोणती चूक करेल? मग उलट: दाखवला तर कोणती करेल? आणि झालेली चूक तिथल्या तिथे दिसेल, की पुढे कधीतरी तिसऱ्याच कुणाच्या लक्षात येईल?

रस्ते, पाणी, लोहमार्ग यांना वेळ लागला नाही. ते कायम चालू. इमारतींचे भाग आणि आतल्या खोल्या लपवल्या तर नवा माणूस त्या चुकून काढत बसणार नाही, कारण त्या वरून दिसतच नाहीत. त्या बंदच राहिल्या, पण इमारत निवडली की तिच्यापुरत्या उघडतात. गुणवत्ता तपासणीच्या खुणा आणि रस्त्यावरून काढलेले फोटोही बंद. लोकांनी चढवलेले जीपीएस माग (फिरलेल्या वाटेच्या नोंदी) एरवी बंद ठेवले, पण छायाचित्र सरकलेलं आहे का हे ताडून बघायला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. म्हणून त्यांचं बटण लेअरच्या पॅनलमधून उचलून छायाचित्र जुळवायच्या खिडकीत नेलं, जिथे त्यांची आठवण व्हायला हवी.

पाडलेल्या इमारतींनी मात्र आम्हाला खाली बघायला लावलं. घर पाडलं गेलं तरी त्याची रेघ कधी कधी मुद्दाम ठेवतात आणि टॅगच्या पुढे 'डिमॉलिश्ड' लावतात. कारण हवाई छायाचित्र जुनं असतं. त्यात घर उभंच दिसतं आणि पुढचा माणूस ते इमानेइतबारे पुन्हा काढतो. ती रेघ म्हणजे पुढच्या माणसासाठी ठेवलेला निरोप असतो. आम्ही तिला 'भूतकाळातल्या गोष्टी' या गटात टाकून डीफॉल्टने लपवली होती. निरोप ज्याच्यासाठी ठेवला होता, नेमका त्याच्याचपासून तो झाकला होता. आता छायाचित्र डोळ्यांसमोर असेल तेव्हा या रेघा फिक्या, तुटक अशा कायम दिसतात.

जमिनीच्या वापरावर उपाय सोपा निघाला. त्रास रेघेचा नव्हता, भरलेल्या रंगाचा होता. पूर्ण रंग काढून कडेला आतल्या बाजूने एक अरुंद पट्टी ठेवली. आयडीमध्ये अर्धवट भरण्याची अशीच पद्धत आहे. क्षेत्र आहे हे कळतं, छपरंही दिसतात. 'दाखवा' आणि 'लपवा' यांच्या मधे इतकी जागा आहे हे आम्हाला इथे पहिल्यांदा नीट उमगलं, आणि पुढच्या दोन्ही अवघड लेअरना त्याचाच उपयोग झाला.

इमारती आणि सीमा

इमारतींसाठी आम्ही एक नियम ठरवला आणि त्याला अपवाद ठेवला नाही: जी गोष्ट त्या घडीला दिसत नाही, ती काढूही द्यायची नाही. गर्दीमुळे इमारती दाखवणं शक्य नसेल तर इमारत काढायचं साधनच करडं होतं आणि त्याच्याजवळ 'इमारती दिसण्यासाठी झूम करा' असं लिहून येतं. तळाच्या पट्टीत नाही, कर्सर जिथे आहे तिथे. जिथे रेघा गाळल्या आहेत त्या जागी मोकळं छायाचित्र न ठेवता बारीक तिरप्या रेषांचा पोत येतो. तो सबंध तुकड्यासाठी एकच आकृती असल्यामुळे ब्राउझरवर भार पडत नाही, आणि इथे काहीतरी आहे एवढं डोळ्याला कळतं. मर्यादेचा आकडाही आम्ही वाढवला, पण तो दुय्यम भाग होता. मर्यादा कितीही ठेवली तरी तिच्या पलीकडे कुठलीतरी वस्ती असणारच.

सीमांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. दाखवल्या तर हाताला लागतात, लपवल्या तर रस्त्याबरोबर फरफटतात. त्यात सीमेची मोडतोड लगेच दिसत नाही. सीमा ही बहुधा अनेक वे जोडून केलेली रिलेशन असते. त्या साखळीची एक कडी निसटली तर संपादन करणाऱ्याच्या पडद्यावर काहीच बिघडत नाही. पुढे कधीतरी दुसरा कुणी त्या सीमेचं क्षेत्र तयार करायला जातो, तेव्हा वर्तुळ पुरं होत नाही आणि अख्खा प्रशासकीय विभाग गायब होतो.

पहिला उपाय म्हणून आम्ही आयडीच्या धर्तीवर मनाई केली: रस्त्याचा नोड लपलेल्या सीमेला जोडलेला असेल तर तो हलवता येणार नाही, आणि तसा संदेश येईल. डेटा वाचला, माणूस अडकला. कोणता घटक लपलाय, कुठे लपलाय, तो दिसायला काय करायचं, यातलं काही त्या संदेशात नव्हतं. मग लोकांनी आपली वाट काढली. आम्ही हलवणं अडवलं होतं, पण रस्ता पुसणं अडवलं नव्हतं. लोकांनी जुना रस्ता पुसला आणि शेजारी नवा काढला. सीमा शाबूत राहिली, पण रस्त्याचा सगळा इतिहास, म्हणजे कुणी कधी नाव घातलं आणि कुणी दिशा सुधारली, तो त्या जुन्या वस्तूबरोबर गेला.

आता सीमा डीफॉल्टने दिसतात, पण बारीक ठिपक्यांच्या रेघेत आणि कुलूपबंद. क्लिक त्यांच्यातून आरपार जातो, त्यामुळे पडदा ओढताना त्या हाताला लागत नाहीत. रस्ता किंवा नदी निवडली की सीमेशी सामायिक असलेल्या नोडभोवती छोटं कडं दिसतं. तसा नोड ओढायला घेतला की सीमा उजळते आणि एडिटर थांबून विचारतो: फक्त रस्ता हलवायचा, की सीमाही? काहीच न निवडता पुढे गेलं तर रस्ता सुटा होऊन हलतो आणि सीमा जागेवर राहते. या डीफॉल्टवर आम्ही बराच खल केला. पारडं झुकलं ते नद्यांमुळे. नदीचं पात्र सरकतं, नव्या छायाचित्रात ते दिसतं, माणूस नदी नव्या जागी आणतो. पण सीमा नदीच्या मागे गेलीच असेल असं नाही. बऱ्याचदा ती जुन्या पात्राच्या जागीच असते, आणि ती कुठे आहे हे छायाचित्र बघून ठरवता येत नाही. जे छायाचित्रात दिसत नाही ते छायाचित्र बघून काढणाऱ्याच्या हातून सहजासहजी हलू नये.

एक गट सगळ्यांच्या नजरेतून सुटला होता: 'इतर'. ज्या वस्तूंचे टॅग आमच्या कुठल्याच चाळणीत बसत नाहीत त्या इथे पडतात. हा बंद करता येत होता. आता तो चेकबॉक्सच काढून टाकलाय. ज्याला आपण नाव देऊ शकलो नाही ते लपवण्याचा हक्क आपल्याला नाही, असं मला मनापासून वाटतं.

आठवण कोणाची ठेवायची

डीफॉल्ट बदलून आवृत्ती बाहेर काढली आणि जुन्या लोकांच्या पडद्यावर काहीच बदललं नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. एडिटर पहिल्यांदा उघडताच आम्ही सगळ्या लेअर्सची चालू-बंद यादी ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये लिहून ठेवत होतो. ज्याने पॅनलला कधी हातही लावला नाही, त्याच्याही नावावर 'सीमा बंद' अशी निवड नोंदलेली होती. डीफॉल्ट आणि माणसाने स्वतः केलेली निवड यांतला फरक आम्हीच पुसून टाकला होता.

आता यादी साठवत नाही, डीफॉल्टपासून माणसाने मुद्दाम केलेला फरक तेवढा साठवतो. जुन्या याद्यांपैकी ज्या आधीच्या डीफॉल्टशी तंतोतंत जुळत होत्या त्या पुसल्या. ज्यांत एकाही लेअरचा फरक होता त्या तशाच ठेवल्या, कारण तिथे कुणीतरी विचार करून काहीतरी ठरवलं होतं. इमारती आणि पाडलेल्या गोष्टी कुणी स्वतःहून बंद केल्या तर ती निवड त्या बैठकीपुरतीच टिकते. कालच्या एका अवघड कोपऱ्यासाठी बंद केलेला लेअर आज दुसऱ्या कामात आपल्या लक्षात नसतो. यावर काही जुन्या सदस्यांची नाराजी आहे, त्यांना दर वेळी त्याच चेकबॉक्सची खूण काढावी लागते. त्यांचं म्हणणं चूक नाही, पण मी हा निर्णय बदलायच्या बाजूने नाही. दुव्यातून येणाऱ्या निवडीही तशाच: कुणी काही लेअर बंद ठेवून दुवा पाठवला तर तो उघडणाऱ्याला तेवढ्यापुरतं तसं दिसतं, त्याची स्वतःची निवड बदलत नाही.

छोट्या पडद्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. फोनवर सामायिक नोडभोवतीचं कडं बोटाखालीच झाकलं जातं, आणि कुलूपबंद रेघ आणि साधी रेघ यांतला फरक उन्हात दिसत नाही. तिथे सध्या सीमेला जोडलेले नोड हलवायची सोयच बंद ठेवली आहे.

त्या दुहेरी रेघा आम्ही परत फिरवल्या नाहीत. सगळा चेंजसेट उलटवला असता तर तिचे सुबक कोपरे गेले असते, आणि जुन्या रेघा पुसल्या असत्या तर घरक्रमांक आणि इतिहास गेला असता. तिला जेओएसएमच्या युटिल्सप्लगइन२ मधली आकार बदलायची सोय दाखवली: दोन्ही रेघा निवडायच्या, जुन्या वस्तूला नवा आकार द्यायचा, टॅग जुन्याचेच ठेवायचे. तिने तो सबंध तुकडा एकेक घर करून स्वतः लावला. आता त्यातलं कुठलंही घर उघडलं की एकच रेघ दिसते, आणि इतिहासात पहिल्या माणसाच्या नोंदीच्या वर तिची नोंद आहे.